शाळेच्या ग्रुप प्रोजेक्टसाठी कोंबड्यांचं खुराडं, आपल्या खान्देशातल्या मे महिन्यात टिकेल असं

ग्रुप प्रोजेक्टला खुराडं बांधायचं ठरलं की पहिल्या दिवसापासून पोरं जाळी किती लागेल, पत्रा कुठून आणायचा आणि कोंबड्या कुठल्या घ्यायच्या यावरच बोलत बसतात. माझं म्हणणं असं की आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर लिहा, मे महिन्यात दुपारी पाणी कोण घालणार. शाळा बंद असते नेमकं तेव्हाच जळगाव, भुसावळ, धुळे सगळीकडे पारा ४४-४५ ला जाऊन बसतो, अर्धी पोरं मामाच्या गावाला असतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरोघरी पाहुणे, वरून लग्नसराई. आणि कोंबडीला घाम येत नाही हे लक्षात ठेवा, ती मुख्यतः चोच उघडून धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते, ३०-३५ च्या पुढे तिला त्रास सुरू होतो आणि ४० च्या वर सावली नसेल, पाणी नसेल तर दुपारभरात मरू शकते. म्हणून खुराडं किती मोठं, कुठं, छत कसं, हे सगळं या एका प्रश्नावरून ठरवायचं, नाहीतर जानेवारीत सगळ्यांनी फोटो काढलेलं छान खुराडं मेमध्ये रिकामं होतं.

मी ॲग्री डिप्लोमा केलाय आणि चोपडा-यावल पट्ट्यातल्या शाळांच्या पोरांबरोबर हे काम करत असतो, त्यामुळे खाली लिहितोय ते आठवी-नववीपासून पुढची पोरं-पोरी हाताने करू शकतील असंच लिहितोय. फक्त पत्रा चढवताना आणि ड्रिल चालवताना एखादा मोठा माणूस पाहिजेच.

तर त्या कागदावर सुट्टीतल्या प्रत्येक दिवसाला दोन नावं लिहा, एक मुख्य आणि एक बदली, आणि दोघंही शाळेपासून पायी येण्याएवढ्या अंतरावर राहणारे पाहिजेत, बसने येणाऱ्या पोरांना सुट्टीत ड्युटी देऊ नका कारण येणं होतच नाही. नावापुढे घरच्यांची सही घ्या. तक्ता भरलाच नाही तर तेही चालेल, मग असं ठरवा की एप्रिलअखेर कोंबड्या ज्यांच्या घरी जागा आहे त्यांच्याकडे दोन-दोन तीन-तीन वाटून द्यायच्या आणि जूनमध्ये परत आणायच्या, पण मग १० च कोंबड्या ठेवा. हा निर्णय बांधकामाच्या आधीचा आहे, नंतरचा नाही.

दुसरी गोष्ट परवानगीची. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि शेजारची घरं, तिघांना विचारा. आपल्याकडे पुष्कळ घरी माळकरी असतात, कोंबडी-अंड्याचं काम पोराने करू नये असं वाटणारे पालक असतात आणि त्यांचा मान ठेवलाच पाहिजे, त्या पोरांना मोजमाप, हिशोब, सुतारकाम, झाडं लावणं असं काम द्या, त्यात काही कमीपणा नाही. अंडी विकायची की शाळेतच उकडून द्यायची हेही आधीच बोलून घ्या म्हणजे नंतर कुणाचं मन दुखत नाही.

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतर करा. पावसाळ्यात काळ्या मातीत खड्डे घेणं म्हणजे चिखलात झोंबाझोंबी, आणि मार्चनंतर परीक्षा आणि ऊन. डिसेंबरभर बांधकाम, जानेवारीच्या शेवटी कोंबड्या, असं धरलं की उन्हाळा लागेपर्यंत दोन-अडीच महिने पोरांचा हात बसतो.

जागा आणि दिशा

इथे घाई करू नका, दोन-तीन दिवस नुसती सावली बघा. मोकळ्या मैदानात ४ फुटाची काठी सरळ गाडा, सकाळी ९, १२ आणि ३ वाजता सावलीच्या टोकाला दगड ठेवा, भूगोलाचा तास आयता होतो. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम गेली पाहिजे, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड भिंतींवर पडतं, आणि लांबीच्या दोन्ही बाजू, उत्तर आणि दक्षिण, जाळीच्या ठेवून वारा आरपार जातो. आपण साधारण २१ अक्षांशावर आहोत त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो तेव्हाच, म्हणजे तेव्हा ऊन भिंतीतून नाही तर छतातून खाली येतं. म्हणून भिंतीपेक्षा छतावर खर्च करा. शाळेत निंबाचं झाड असेल तर त्याच्या सावलीत बांधा, पश्चिमेला झाड असेल तर सगळ्यात भारी. नसेल तर आजच पश्चिमेला शेवगा लावा, वर्षभरात डोक्याच्या वर जातो.

पाण्याचा नळ किंवा टाकी जवळ असावी, आणि वर्गांपासून थोडं लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वास वर्गात येत नाही.

मापं

२० कोंबड्या धरून सांगतो. रात्रीच्या खोलीत एका कोंबडीला किमान २ चौरस फूट जागा लागते, आपण उन्हाळा बघून अडीच धरू, म्हणजे ५० चौरस फूट, १० बाय ५ फूट. दिवसा फिरायला बाहेर कुंपण घातलेली जागा वेगळी, एकीला १० चौरस फूट, म्हणजे २० बाय १० फूट. ४० कोंबड्यांची हौस करू नका, पहिल्या वर्षी २० पुष्कळ झाल्या.

जमिनीवर १० बाय ५ चा चौकोन आखताना कोपरे काटकोनात आलेत का हे डोळ्यांनी ठरवू नका. दोरीने कर्ण मोजा, दोन्ही कर्ण ११ फूट २ इंच आले की चौकोन बरोबर. पायथागोरस दहावीच्या पोरांनी वहीत काढून दाखवायचा आणि आठवीच्या पोरांनी टेप धरून तपासायचा, उत्तर जुळलं की त्यांच्या तोंडावरचा आनंद बघण्यासारखा असतो, प्रोजेक्टमधला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

जमीन काळी असेल तर नीट ऐका. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे नुसते खांब गाडले की एका पावसाळ्यात वाकडे होतात आणि भेगांमधून उंदीर, घुशी आणि त्यांच्यामागे साप आत येतात. वरची एक फूट माती काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसाने चोपा, आणि जमिनीपासून एक-दीड फूट उंच ओटा करा. ओट्याची पातळी बघायला लेव्हल ट्यूब वापरा, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन पोरं दोन टोकाला उभी केली की झालं, नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

खांब सहा, पुढच्या बाजूला तीन, मागे तीन, प्रत्येक ५ फुटांवर. पुढचे जमिनीच्या वर ७ फूट, मागचे ६ फूट, आणि ओट्याची उंची सोडून २ फूट खाली गाडलेले. बांबू घेतला तर गाडायच्या भागाला डांबर लावा नाहीतर वाळवी लागते. कुणाच्या घरी बोअरचे जुने लोखंडी पाईप पडले असतील तर तेच सगळ्यात चांगले, भंगारवाल्याकडेही मिळतात. खांब उभा करताना ओळंबा लावून दोन बाजूंनी बघायचा, एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसरीकडून हमखास कललेला असतो.

छत

साध्या नालीदार पत्र्याचे ८ फुटी चार तुकडे लागतील. ५ फुटाच्या रुंदीवर ८ फुटी पत्रा म्हणजे पुढे-मागे दीड-दीड फूट बाहेर येतो, त्याने पावसाचा सपकारा आत येत नाही आणि जाळीवर सावली पडते. लांबीलाही दोन्हीकडे फूटभर बाहेर काढा. पत्र्याचे खिळे नेहमी फुगीर भागावर मारायचे, खोलगट भागात मारले की तिथूनच गळतं. पत्र्याच्या कडा हात कापतात, जाड हातमोजे घालूनच उचला, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय हे पोरांना आधीच विचारून घ्या. सिमेंटचे पत्रे कमी तापतात हे खरं, पण त्यातल्या बऱ्याच पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना, भोक पाडताना जी धूळ उडते ती फुफ्फुसाला फार वाईट, पोरांच्या हाताने ते काम अजिबात नको.

पत्रा नुसता ठेवला तर मेमध्ये खाली भट्टी होते. वरून चुन्याचा पांढरा हात द्या, चुन्यात थोडा फेव्हिकॉल घातला तर पावसापर्यंत टिकतो. आणि त्याच्यावर मक्याचा कडबा, उसाचं पाचट किंवा रावेर-यावलकडे असाल तर केळीची वाळलेली पानं, वीतभर जाडीची पसरून दोरीने जाळीदार बांधून टाका. केळीची पानं तर बागायतदार हात जोडून देतात, घेऊन जा म्हणतात. फक्त आग लागू शकते हे विसरू नका, शाळेचा कचरा जाळायची जागा आणि स्वयंपाकाची चूल यापासून लांब पाहिजे.

भिंती आणि जाळी

पूर्व आणि पश्चिमेच्या आखूड भिंती बंद करायच्या. इथे विटा आणायची गरज नाही, आपल्याकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळलेली झाडं, आहेत. पऱ्हाट्या उभ्या-आडव्या विणून कूड घाला आणि दोन्ही बाजूंनी शेण-माती-भुसा कालवून लिपा, आज्ज्यांना बोलवा, त्यांना लिंपणाचा हात माहीत असतो आणि पोरींना तो शिकायला मिळतो, पोरांनाही शिकवा. असा कूड पत्र्यासारखा तापत नाही. पऱ्हाट्या हिवाळ्यात मागाव्या लागतात कारण भरीत भाजायला त्याच लागतात, उशीर केला तर कुणी देत नाही. आणि राहिलेली बोंडं तोडून बाजूला काढा, त्यात गुलाबी बोंडअळी बसलेली असते, ती बोंडं जाळून टाका.

उत्तर-दक्षिण बाजूंना खाली फूटभर विटांची किंवा दगड-मातीची भिंत आणि वर जाळी. इथेच बहुतेक ग्रुप पैसे वाचवायला जातात. दुकानात दोन जाळ्या असतात, एक षटकोनी पातळ तारेची, तिला चिकन जाळी म्हणतात, आणि दुसरी वेल्डची अर्धा इंची चौकोनी. चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते पण बाहेरच्याला अडवत नाही, कुत्रा ती दातांनी फाडतो, लहान साप आणि उंदराची पिल्लं भोकातून आरामात जातात, मांजर पंजा घालून झोपलेल्या कोंबडीला ओढतं. म्हणून रात्रीच्या खोलीला वेल्ड जाळीच लावा, साधारण १०० ते ११० चौरस फूट लागेल, आणि दिवसाच्या कुंपणाला चिकन जाळी चालेल कारण दिवसा माणसं आजूबाजूला असतात. पैसे वाचवायची खरी जागा ती आहे.

मुंगूस खालून उकरून येतं. त्यासाठी कुंपणाच्या पायथ्याशी दीड फूट रुंद जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा, उभ्या जाळीला तारेने शिवून टाका आणि वर दगड-माती टाका. मुंगूस कुंपणाला अगदी चिकटून उकरायला लागतं आणि तिथे जाळीच लागते. वरच्या बाजूला पत्र्याच्या नळ्या आणि आडव्या बांबूमध्ये अर्धगोल फटी राहतात, त्या सगळ्या जाळीच्या तुकड्यांनी बंद करा. काम संपल्यावर एका पोराला आत बसवा, दार लावा, आणि त्याला दिवसाउजेडी फटीतून जिथे जिथे अंगठा बाहेर जातोय तिथे खडूने खूण करायला सांगा, मग त्या खुणा बुजवा.

दार अडीच फूट रुंद करा म्हणजे घमेलं घेऊन आत जाता येतं, आणि ते बाहेर उघडणारं ठेवा कारण आत तूस साचत जातो आणि आत उघडणारं दार अडकतं. कडी दोन लावा, वर एक आणि खाली एक, नुसती वर असली की कुत्रा खालचा कोपरा ढकलून वाकवतो.

आतलं सामान

कोंबडी रात्री जमिनीवर झोपत नाही, तिला दांडा पाहिजे. दीड-दोन इंच जाड, कडा घासून गोल केलेला, जमिनीपासून २ फूट वर. एकीला ८ इंच धरले तर २० जणींना साधारण साडेतेरा फूट, म्हणजे ७ फुटाचे दोन दांडे, एकमेकांपासून सव्वा फूट आणि भिंतीपासून एक फूट. दोन्ही एकाच उंचीवर ठेवा, एक वर एक खाली केला तर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी.

अंडी घालायला चार खोपे पुरतात, पाच कोंबड्यांना एक. फूटभर लांब-रुंद लाकडी पेटी किंवा बांबूची टोपली, आत वाळलेलं गवत. तेलाचे डबे कापून करू नका, कडा लागतात आणि उन्हाळ्यात आत बसवत नाही. खोपे दांड्यापेक्षा खाली, अंधाऱ्या कोपऱ्यात, नाहीतर कोंबड्या रात्री त्यातच झोपून घाण करतात.

खाली ३ इंच तूस, नवापूरकडे भाताचा मिळतो, बाकीकडे शेंगांची टरफलं किंवा वखारीतला लाकडाचा भुसा. दर तीन-चार दिवसांनी दाताळ्याने वरखाली करायचा. ओल बघायची सोपी पद्धत, मूठभर तूस घट्ट दाबा आणि हात उघडा, गोळा तसाच राहिला तर ओला आहे, वरून कोरडा तूस आणि थोडा चुना टाका, हळूच भुगा होऊन पडला तर बरोबर, आणि दाबताच धुरळा उडाला तर फार कोरडा. डोळ्यांना झोंबणारा वास आला म्हणजे अमोनिया साचलाय, त्या दिवशी सगळं काम सोडून ओला तूस बाहेर काढायचा. काढलेला तूस लगेच झाडांना घालू नका, मुळं जळतात, दोन-तीन महिने खड्ड्यात कुजवा आणि मग परसबागेला द्या.

कोंबड्या आणि आजार

एक दिवसाची पिल्लं आणू नका. जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगलीच थंडी पडते, पिल्लांना बल्बची ऊब चोवीस तास लागते आणि शाळेत रात्री लाईट गेली तर बघणारं कोणी नसतं. तीन-चार महिन्यांच्या, लस झालेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्या, गिरीराज, वनराज किंवा चांगल्या गावरान. गावरान कमी अंडी देते पण ऊन सोसते आणि कमी चाऱ्यावर भागवते, माझं मत गावरानलाच आहे. कडकनाथ मूळ शेजारच्या मध्य प्रदेशातल्या झाबुआची, महाग असते, शाळेच्या प्रोजेक्टला गरज नाही. विकत घेताना मानमोडी (राणीखेत) आणि देवीची लस कधी दिली ते विचारून वहीत लिहा, आणि पुढचे डोस पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, २०२१ ला पुन्हा आला, त्यामुळे हा विषय आपल्याकडे पुस्तकातला नाही. नियम साधे ठेवा. खुराड्यात जायची चप्पल वेगळी, दाराशीच ठेवलेली. बाहेर आल्यावर साबणाने हात धुवायचे. नवीन कोंबडी आणली तर आठ-दहा दिवस वेगळी. आणि एकदम दोन-चार मेल्या तर कुणीही उघड्या हाताने उचलायच्या नाहीत, गुपचूप पुरायच्या नाहीत, सरांना सांगून त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचं.

खाणं २० कोंबड्यांना रोज दोन ते अडीच किलो, मका, ज्वारी-बाजरीचं निवडण, थोडं लेअर फीड (अंड्यांच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), आणि अंड्यावर आल्या की शिंपल्याचा चुरा. बुरशी आलेला मका फुकट मिळाला तरी नको.

मे महिना

पाणी २० जणींना दिवसाला १० लिटर धरा, मातीच्या पसरट भांड्यांत, चार वेगवेगळ्या ठिकाणी सावलीत. दुपारचं पाणी बदललंच पाहिजे कारण तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही. खाणं पहाटे आणि ऊन उतरल्यावर, दुपारी नाही, खाणं पचवताना अंग अजून तापतं. दक्षिणेच्या जाळीवर बारदान टांगा आणि ११ पासून ४ पर्यंत ओलं ठेवा, वर एक फूट मोकळं सोडून. आपली मेमधली हवा कोरडी असते म्हणून ओल्या बारदानातून येणारा वारा थंड लागतो, हीच युक्ती जुलैत उपयोगाची नाही, तेव्हा आत नुसता दमटपणा वाढतो.

ड्युटीवरच्या पोराला ओळखायला शिकवा. चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब धरलेत म्हणजे तिला गरम होतंय, बारदान भिजवा, पाणी बदला. मान टाकून बसली, उठवली तरी उठत नाही, तर तिला सावलीत न्या, पाय आणि तुरा ओल्या फडक्याने पुसा, चोचीजवळ पाणी धरा, बादलीत बुडवू नका.

वहीत रोज चार गोष्टी लिहायच्या, तारीख, किती अंडी, किती खाणं, आणि दुपारचं तापमान. मार्चपासून तापमान चढतं तसा अंड्यांवर काय परिणाम होतो याचा आलेख आपोआप तयार होतो आणि प्रोजेक्टच्या मार्कांना तोच उपयोगी पडतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिला पाऊस पडायच्या आत, छतावरचा कडबा खाली काढा कारण तो भिजला की कुजतो आणि पत्रा गंजवतो, बारदानं वाळवून ठेवा, जुना तूस पूर्ण काढून भिंतींना आणि दांड्यांच्या खाचांना चुना मारा म्हणजे उवा-गोचीड राहत नाहीत, ओट्याच्या भोवती पाणी वाहून जायला चर खणा, आणि नवीन वर्गातल्या पोरांना चावी देण्याआधी दोघांना तरी आठवडाभर जुन्या ड्युटीवाल्यांच्या सोबत यायला सांगा.